मुठीतले केस

मी मुलुंड वेस्टला एका सलूनमध्ये लोकांची डोकी धुते. बारा वर्षं झाली. ओळखपत्रावर ‘हेअर असिस्टंट’ असं छापलेलं आहे, पण काम तेच. मला बघायला आलेल्या मुलाच्या आत्याने ‘म्हणजे मुलगी नक्की करते काय?’ असं विचारलं, तेव्हा आईने पोह्यांची बशी पुढे सरकवत सांगितलं होतं, लोकांना न्हाऊ घालते. ती माणसं परत आली नाहीत. आई म्हणाली, बरं झालं, आत्याच्या डोक्यात कोंडा होता.

हे उभ्याने करायचं काम आहे. गिऱ्हाईक खुर्चीत मागे रेलतं आणि मान बेसिनच्या खाचेत टाकतं. मग त्याला वरचं छत दिसतं आणि माझी हनुवटी. समोरासमोर बसून जे कुणाला सांगणार नाहीत ते लोक अशा वेळी सांगतात. सासूचं सांगतात, ऑफिसमधलं सांगतात, एकीने तर नवऱ्यालाही अजून कळवलं नव्हतं ती बातमी आधी मला दिली होती. मी ‘हो ना’ म्हणते आणि पाणी चालू ठेवते. मला मुळात लोकांचा फार पुळका नाही. पण डोकं एकदा हातात आलं की माझा राग निवतो हे खरं आहे. सकाळी चाळीतल्या नळावर भांडून आलेली मी दुसऱ्या-तिसऱ्या हेअर वॉशपर्यंत माणसात येते.

काम शिकवलं आंटीने. आंटी म्हणजे आमची सीनियर हेअरड्रेसर, मुलुंडच्या जुन्या गावठाणातली कॅथलिक बाई. मराठी आमच्यासारखीच बोलते आणि शिव्या आमच्याहून चांगल्या देते. तिने पहिल्या आठवड्यात मला सगळं शिकवलं. पाणी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायचं. तळहाताची वाटी करून कान झाकायचा. नख लावायचं नाही, बोटांची पेरं लावायची. कंडिशनर मुळांना लावायचा नाही. आणि निघालेले केस गिऱ्हाईकाला दिसू द्यायचे नाहीत.

हे शेवटचं मला तेव्हा फालतू वाटलं होतं. केस तर सगळ्यांचेच जातात. पण लांब केसांची बाई चार दिवसांनी डोकं धुवून घ्यायला आली की चार दिवसांचे सुटलेले केस एकदम खाली येतात आणि बेसिनच्या जाळीवर त्यांचा पुंजका बसतो. ओला पुंजका आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. बाई उठून बसते, वळून बघते आणि तिचा चेहरा उतरतो. पहिल्याच महिन्यात एका नवरीमुलीच्या बाबतीत माझ्याकडून हे झालं. लग्नाला दहा दिवस होते. ती जाळीकडे बघून जी रडायला लागली ती थांबेचना, आणि तिची आई माझ्यावर धावून आली, की तू हिचे केस उपटलेस. मालकीणबाईंनी मला बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर बाहेर उभं केलं. त्या दिवशी मी मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर माझी मूठ कधी उघडी राहिली नाही.

खळबळून धुताना डावा हात जाळीवरून फिरवायचा, केस तळहातात गुंडाळायचे, मूठ मिटायची, आणि उजव्या हाताने टॉवेल घेता घेता डावा हात खालच्या झाकणाच्या डब्यात रिकामा करायचा. सहा महिन्यांत हे मला विचार न करता जमायला लागलं. बाईने विचारलंच, की खूप गळतायत ना गं, तर उत्तर तयार असायचं. नॉर्मल आहे मॅडम. सगळ्यांचेच जातात. याला मी कधी खोटं बोलणं म्हटलं नाही. एक नुकतीच बाळंत झालेली मुलगी यायची, तिचे केस खरंच मुठीने जात होते. तिला मी नॉर्मल आहे म्हणाले की तिची मान सैल पडायची. निर्धास्त झालेलं डोकं हातात जड लागतं, हे फक्त धुणाऱ्यालाच कळतं. ते वजन हातात आलं की मला बरं वाटायचं. आपण दुसऱ्याला थोडं सुख दिलं असं वाटायचं.

आई भांडुपच्या एका शाळेत मावशी होती. घंटा देणं, वर्ग झाडणं, शू झालेल्या पोरांच्या चड्ड्या बदलणं, आणि गॅदरिंगच्या दिवशी नाचात असलेल्या सगळ्या पोरींच्या वेण्या घालणं. वेण्यांचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिने ते स्वतःकडे ओढून घेतलं होतं. तिचे स्वतःचे केस कमरेखाली जायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुढून पांढरे झाले होते, पण वेणी मनगटाएवढी जाड होती. त्या केसांना जन्मात कात्री लागली नव्हती. शॅम्पूही नाही. ती रविवारी शिकेकाई उकळायची आणि मोरीत पाटावर बसून न्हायची. केस विंचरून झाले की निघालेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यावर तीनदा थू थू करायचं आणि मग टाकायचं, हे तिचं ठरलेलं. मी तिला सलूनमध्ये ये, एकदा माझ्या हातचं बघ म्हणून कितीदा म्हणाले. ती म्हणायची, पैसे देऊन मुलीकडून न्हाऊन घेऊ काय गो?

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि तिचं पोट फुगायला लागलं. आम्हाला वाटलं फराळ बाधला. मग सोनोग्राफी, मग आणखी तपासण्या, आणि मग मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं की अंडाशयाचा कॅन्सर आहे, आधी तीन केमो द्यायच्या, मग ऑपरेशन. बाबा गिरणीत बदली कामगार होते, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली. मोठ्या माणसांसमोर त्यांना शब्द फुटत नाही. त्यांनी तो चित्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला. आईने एकच विचारलं, एप्रिलपर्यंत होईल का सगळं? एप्रिलमध्ये ती रिटायर होणार होती. शाळा तिचा सत्कार करणार होती आणि तिला त्या दिवशी पोरींसमोर उभं राहायचं होतं.

पहिल्या केमोनंतर नर्सने सांगितलं की दोन-तीन आठवड्यांत केस जातील. रात्री भात चिवडत आई म्हणाली, मरणाचं मी काय करू शकत नाय, पण त्या पोरींनी मला टकली बघायची नाय.

मी दुसऱ्या दिवशी आंटीला विचारलं. आंटी म्हणाली, सोपं आहे, दादरला एक माणूस आहे, आपल्याच केसांचा विग करून देतो. पण वेणी अख्खी मिळाली पाहिजे. वर घट्ट बांधायची, खाली घट्ट बांधायची, आणि वरच्या गाठीच्या वर कात्री लावायची, म्हणजे सगळ्या केसांची मुळाकडची टोकं एका बाजूला राहतात. गळून पडलेले केस उलटसुलट होतात, एकमेकांत अडकतात, त्यांचा काही उपयोग नाही. त्यामुळे गळायच्या आत कापा. ती म्हणाली, मी स्वतः येऊन कापते, तुझ्या आईला इथवर आणू नकोस.

पण आई आजच कापायला तयार होईना. सवाष्णीने वेणी कापायची नाही असं तिला तिच्या आईने सांगितलेलं, आणि बाबा समोर बसलेले असताना काही झालेलं नसताना कात्री लावून घेणं तिला अभद्र वाटत होतं. शिवाय कुणाकुणाचे केस जातही नाहीत, ही आशा होतीच. शेवटी तिने आपल्या पद्धतीने तोडगा काढला. गळायला लागले की मग कापणं हे कापणं नाही, वाचवणं आहे. त्याला देवाचीही हरकत असायचं कारण नाही.

अडचण एकच होती. केमोने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. ब्लाउजचं हुक लागत नव्हतं, तांदळातला खडा हाताला लागत नव्हता. वेणीफणी माझ्याकडे आली होती. आरसा तिने आजारपण कळल्यापासून बघायचा सोडला होता. मला समोर बसवून ती म्हणाली, “माझ्या हाताला कळत नाय. तुझ्या हाताला कळेल. पयला पुंजका आला की माका सांग, त्याच दिवशी आंटीला बोलव. रोगाने ओढून नेण्यापेक्षा मी हाताने काढून देईन.” मी हो म्हणाले. मनापासून हो म्हणाले.

माझी सुट्टी मंगळवारी असते, म्हणून तिचं न्हाणं रविवारवरून मंगळवारवर आणलं होतं. तिला मोरीत बसवत नव्हतं. मग मी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बेसिन केलं. खाटेवर तिला आडवं निजवलं, डोकं कडेच्या बाहेर, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, खाली रबरी कापड आणि बादली. गॅसवर पाणी तापवलं. शिकेकाईने टाळू झोंबत होती म्हणून लहान बाळांचा शॅम्पू आणला. बाबा पाण्याचा मग भरून देत होते. मी पाणी मनगटावर घेऊन बघितलं, तळहाताने तिचा कान झाकला, आणि ती खालून माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, तुझ्या हनुवटीखाली तीळ आहे, विसरलेच होते मी. लहान असताना मी तिच्या मांडीवर असायचे तेव्हा तिने तो बघितला असणार. मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला मी शॅम्पू जास्तच घोळवला.

दुसऱ्या मगला केस सुटले. ओढावे लागले नाहीत. मी बोटं मुळापासून खाली नेली आणि बोटांबरोबर ते आले, लांबच्या लांब, एक बट, मग दुसरी बट. पहिल्या केमोला सोळा दिवस झाले होते. हाच तो पुंजका, याचीच आम्ही वाट बघत होतो, आणि मला तो ओळखायलाही आला. आणि माझा डावा हात मिटला.

आईने विचारलं, “काय गो, येतायत काय?”

“नॉर्मल आहे,” मी म्हणाले.

सलूनमधल्या आवाजात म्हणाले. मॅडम तेवढं म्हणाले नाही. आणि तिचं डोकं माझ्या हातात जड झालं.

त्यानंतर लगेच, म्हणजे टॉवेल गुंडाळायच्या आतच, मला कळलं होतं की आपण काय बोलून बसलो. तेव्हाच हसून म्हणता आलं असतं, अगं थांब, चुकलं माझं, आलेत केस. पण ती उठून बसली होती, बाबांना म्हणत होती की बघा, नाय गेले ते नाय गेले. बाबांचाही चेहरा खुलला होता. त्यांनी उठून स्वतः चहा ठेवला. लिंबाएवढा ओला गोळा माझ्या मुठीत होता आणि मी मोरीत जाऊन तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी ती पिशवी पर्समधून सलूनमध्ये नेली आणि बेसिनखालच्या डब्यात टाकली, इतरांच्या केसांत. थू थूसुद्धा केलं नाही.

त्या दिवशी केस वाळल्यावर मी तिची वेणी घातली. ती मला नीट आठवते. फणी लावली तर हातात येतील म्हणून फणी वरवर फिरवली. सुटलेले केस वेणीतच बसून राहावेत म्हणून खोबरेल तेल चोपडून वेणी घट्ट, फार घट्ट घातली. वर रबर, खाली रबर. माझ्या कामातलं सगळं शहाणपण मी त्या वेणीत वापरलं. पुढचे तीन दिवस मी तिच्या आधी उठत होते आणि उशीवरचे केस उचलत होते.

लग्नाचा सीझन होता, सलूनमध्ये बसायला वेळ नव्हता. रोज संध्याकाळी बसमध्ये मी ठरवायचे की आज घरी गेल्या गेल्या सांगायचं. पण सांगितलं की ती विचारणार, कधीपासून? आणि मग मंगळवारी का नाही सांगितलंस? बत्तीस वर्षांची बाई मी, आणि मला आईच्या ओरडण्याची भीती वाटत होती. तिची काळजी, तिच्या मनाला काय वाटेल, असलं काही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. आता मागे वळून असं म्हणता आलं तर मला आवडेल, पण ते खरं नाही. चोरी पकडली जाईल एवढंच होतं. गुरुवारी ती म्हणाली, वेणी जरा सोड गो, डोकं ठणकतंय. मी म्हणाले, आता खूप दमलेय, उद्या सोडते. केमोने टाळू दुखते हे मला ठाऊक होतं. दमले होते हेही खरं होतं.

शुक्रवारी दुपारी बाबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, घरी ये. माझ्या हातात कुणाचं तरी फेसाळलेलं डोकं होतं. मी ते दुसऱ्या मुलीकडे दिलं आणि आंटीच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. मंगळवारचं नाही सांगितलं. आईचे केस जायला लागले एवढंच सांगितलं. आंटीने हातातलं गिऱ्हाईक संपवलं, कात्री आणि मशीन पिशवीत घातलं आणि माझ्याबरोबर निघाली. आमची चाळ टेकडीवर आहे. तिचे गुडघे दुखतात, तरी ती वर चढून आली.

आई खाटेवर बसली होती. ठणका सहन होईना म्हणून तिने बधिर बोटांनी वेणी सोडायचा प्रयत्न केला होता. खालचं रबर निघालं होतं. वर वेणी राहिलीच नव्हती. गळलेले केस आणि न गळलेले केस तेलात एकमेकांना धरून बसले होते आणि तिच्या मानेमागे एक गठ्ठा झाला होता, मुठीएवढा, घट्ट. तिने ओढल्यावर कानामागची एक पूर्ण बाजू निघून आली होती. तिथली कातडी पांढरीफटक दिसत होती. बाबा दाराबाहेर पायरीवर बसले होते, आत बघत नव्हते.

आंटीने चष्मा लावला. गठ्ठा बोटांनी दाबून बघितला, एक टोक सोडवायचा प्रयत्न केला, आणि मान हलवली. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, तिच्या मनात काही नव्हतं. ती हळहळून बोलून गेली, अरेरे, तीन-चार दिवस आधी कळायला हवं होतं. हे आजचं नाही, मंगळवार-बुधवारपासून सुटत असणार.

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मंगळवारी तिला न्हाऊ कुणी घातलं हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. आंटीच्याही लक्षात आलं आणि ती पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

“मी काय तुझं गिऱ्हाईक गो?” आई म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आमच्या घरात तशीच पद्धत आहे, आणि त्या भांडणात सगळं खरं बाहेर आलं असतं. सवय होती, हात मिटला, मग घाबरले, असं मी तिला तोंडावर सांगितलं असतं. पण तिने नुसतं विचारलं. मी रडायला लागले. हुंदके देऊन, शेजारी ऐकू जाईल असं. माझ्याकडे बघता बघता तिचा चेहरा निवळला. मला आता वाटतं, तिने त्या रडण्यालाच माझं उत्तर धरलं.

आंटीने तो गठ्ठा तुकड्या-तुकड्याने कापला. मग मशीन फिरवलं. आई सरळ बसून राहिली, एकदाच म्हणाली की मशीन गार आहे. सगळं झाल्यावर तिने पदर डोक्यावरून घेतला आणि आंटीला विचारलं, चहा घेणार ना?

एप्रिलमध्ये ती सत्काराला गेली नाही. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते, डॉक्टर जा म्हणाले होते, रिक्षा शाळेच्या दारापर्यंत जाते. ती नको म्हणाली. मी बाजारातून विग आणू का विचारलं, तर म्हणाली, दुसऱ्याचे केस डोक्यावर घेऊन मी त्या पोरींना काय सांगू? शाळेतल्या एक बाई शाल, नारळ आणि पोरींनी काढलेलं एक मोठं कार्ड घरी घेऊन आल्या. कार्डावर मावशींचं चित्र होतं. लांब वेणी होती.

ती माझ्याशी वाईट वागली नाही. मी लिहिते आहे म्हणून कुणाला वाटेल की तिने अबोला धरला. तसं काही नाही. ती पूर्वीइतकीच बोलायची, भाजीत मीठ कमी आहे म्हणायची, माझ्या लग्नाचा विषय काढायची. फक्त डोकं माझ्या हातात दिलं नाही. बाबा ओल्या फडक्याने तिची टाळू पुसायचे. मी पुढे झाले की म्हणायची, असू दे, दिवसभर तेच करतेस, हात थकतात तुझे. पुढे केमो संपल्या, केस परत आले, बोटभर, मऊ, सगळे पांढरे. तेही बाबाच धुवायचे. त्यांना जमायचं नाही, कानात पाणी जायचं, आणि ती त्यांना शिव्या घालायची. मी दोन हात अंतरावर उभी राहून ऐकायचे.

आणि मी विचारलं, कशी आहेस, की म्हणायची, बरी आहे. दुखतं का? नाय. भूक लागते का? लागते तर. सात-आठ महिने असे गेले आणि मी निर्धास्त होते. सलूनमध्ये विचारणाऱ्यांना सांगायचे की आई एकदम झकास आहे.

मग एका सकाळी तिला खाटेवरून उठताच येईना. हॉस्पिटलात नेलं. वॉर्डमध्ये तोच तरुण डॉक्टर आला. त्याने पाठीवर हळूच बोट दाबलं तर तिने दात आवळले. त्याने विचारलं, मावशी, हे कधीपासून दुखतंय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, कालपासून म्हणायला. तिने माझ्या आधी सांगितलं की चार महिने झाले. रात्री झोप येत नव्हती. बाबांना माहीत होतं, त्यांना शपथ घातली होती.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मुलगी रोज घरात असून चार महिने कुणालाच कसं कळलं नाही, असं त्याला वाटत असणार. मी त्याच्यावर तडकायच्या बेतात होते. तेव्हा आई त्याला समजावल्यासारखं म्हणाली, “तिला नाय सांगितलं ओ. तिला माझं काय सोसत नाय. केस जायला लागले तेव्हासुद्धा तिच्याच्याने बोलवलं नाय.”

बोलताना तिने माझा हात हातात घेतला होता. बधिर बोटांनी ती माझी बोटं दाबत होती. वर्षभर ती मला माफ करण्याचं कारण शोधत होती, आणि तिला ते सापडलं होतं, आणि त्या कारणापायी चार महिने ती एकटी दुखणं काढत बसली होती.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. त्यातले बरेचसे दिवस शुद्धीवर होती, बोलत होती. दुपारी वॉर्ड शांत असायचा, बाबा खाली चहाला जायचे, मी तिच्या उशाशी स्टुलावर बसलेली असायचे. सांगायचं असतं तर सांगता आलं असतं. आई, मला सोसलं असतं. तुझे केसही सोसले असते आणि पाठही सोसली असती. त्या मंगळवारी केस हातात आले तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, फक्त हात मिटला होता, रोज मिटतो तसा. पण ती मला मायाळू समजून हात धरून पडली होती, आणि मी तिला तसं समजू दिलं.